जावयाची पहिली पोपटी

गडब गावात हिरामणच्या घरी जावयाने मडक्यात भाजलेली पहिली पोपटी बिघडली की त्याला नाव पडतं आणि ते जन्मभर पुरतं. थोरल्या जावयाने, रघूने, मडकं ठासताना आतली अंडी फोडली होती. त्याची मुलगी किमया आता चौथीत आहे, पण सासुरवाडीत तो अजून 'फुटकी अंडी'च आहे. त्यामुळे यंदा धाकटा जावई प्रणित पोपटी लावणार हे कळल्यावर सगळ्यांत जास्त आनंद रघूला झाला.

प्रणित रोह्याच्या एका कंपनीत शिफ्ट सांभाळतो. पोपटी त्याने लहानपणापासून खाल्ली होती, पण लावणारे हात नेहमी दुसऱ्यांचे.

"त्यात काय, मामा? व्हिडिओ बघितलेत मी," तो सासऱ्याला म्हणाला.

"मंग झालंच की!" म्हणत हिरामण बाजूला झाला.

ऊन उतरल्यावर शेतात तयारी सुरू झाली. प्रणितने मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घातला. त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, जाडं मीठ, ओवा, पाल्यात गुंडाळलेली कोंबडी. सगळं अगदी बरोबर. मग त्याने तांब्या उचलला आणि आत पाणी ओतलं.

"अवो, सांगा की त्याला!" सासू हौसा नवऱ्याच्या कानाशी लागली. "पोपटीत कोन पानी घालतो?"

"आता सांगितलं तर उद्या इसरंल. सोताच्या हातानं इझवली तर जल्मात नाय इसरनार."

"आनि पोरं काय खातील?"

"गोठ्यामागं मी दुसरं मडकं लावलंय. त्याची पयलीच हाय, मला ठाव हाय ना."

प्रणितने मडक्याचं तोंड पाल्याने ठासलं, ते जमिनीवर उपडं केलं, भोवती पेंढा आणि लाकडं रचून आग लावली. पाणी पाल्यातून झिरपलं. पेंढा फुसफुसला आणि धूर थेट रघूच्या तोंडावर आला.

"वाफेचं इंजिन!" रघू खोकतखोकत ओरडला. "पोरांनो, डब्यात बसा!"

"तुम्ही गप बसा, फुटकी अंडी," प्रणितची बायको ऋतुजा म्हणाली, पण तिलाही हसू आवरेना. प्रणित गुडघ्यांवर बसून फुंकर मारत होता. भुवया राखेने पांढऱ्या झालेल्या.

"करपू नये म्हणून घातलं हो पाणी!"

"तुमच्या कंपनीत उलट्या पिपात पानी ऱ्हातं का, जावयबापू?" हिरामणला रंग चढला. मग त्याने रघूच्या अंड्यांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. ती संपते तोच किमयाने नाक वर केलं.

"आजोबा, गोठ्यामागून कसला वास येतोय?"

हिरामण धावला. थोड्या वेळाने तो काळं मडकं घेऊन परतला. आत शेंगांच्या आकाराचे कोळसे होते.

हौसाने मडक्यात डोकावलं. "बघत बसा आता जावयाची गंमत! बघा अजून!"

पोरं भुकेने कुरकुरायला लागली. आता एकच मडकं उरलं होतं. हिरामण गुमान प्रणितशेजारी उकिडवा बसला. दोघांनी ओली राख बाजूला केली आणि मडक्याभोवती कोरडा पेंढा रचला. जाळ धरला. काही वेळाने प्रणितने काठी उचलली.

"काढू?"

"थांब. पान्याचा शिंतोडा मार." थेंब मडक्यावरून ओघळत खाली आले. "नाय झाली अजून. थेंब पडल्या पडल्या चर्र करून सुकला पायजे."

"तुम्हाला हे कोणी शिकवलं, मामा?"

"कच्च्या कोंबडीनं. आमच्या सासुरवाडीला."

थेंब चर्र करून सुकला तेव्हा अंधार पडला होता. शेंगा भाजलेल्या कमी आणि उकडलेल्या जास्त होत्या, मीठ तर पाण्याबरोबर कधीच वाहून गेलं होतं. हौसाने वरून मीठ भुरभुरलं आणि पोरांनी सालंसुद्धा सोडली नाहीत.

रघू नव्या नावाची वाट बघत होता. नाव किमयाने ठेवलं, पण ते प्रणितला नाही. "कोळसे आजोबा, अजून शेंगा द्या ना!"

हिरामणने हसत ताट पुढे सरकवलं. "फुडल्या वर्षी एकच मडकं, प्रणित. तू लाव, मी बघतो."

"चालेल, मामा," प्रणित म्हणाला. "पण मडक्याकडे बघा. माझ्याकडे नको."