अर्धी आलेली अक्कलदाढ

जुन्या हाडांची अभ्यासक निल्दा कोंदोरीच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि आता तिला कशाचाच उत्साह नव्हता. एकतीस वर्षांपूर्वी तिनेच तपासणीसाठी नेलेल्या दोन प्राचीन कवट्या गावाच्या गुहेत परत ठेवायच्या, एवढंच काम बाकी होतं.

त्यातली एक तिने अभ्यासलेली पहिली कवटी. त्या काळच्या रीतीने लहानपणीच बांधून लांबट केलेलं डोकं, कपाळावर शस्त्रक्रियेचं भोक, कडा भरून आलेल्या. वरचे दात मेल्यानंतर केव्हातरी गळून हरवलेले. खालच्या जबड्याच्या झिजलेल्या दातांवरून निल्दाने मरतेवेळचं वय साठ ठरवलं होतं. कपाळ उघडूनही म्हातारपण पाहिलेली बाई! त्यावरच प्रबंध झाला, पुस्तक झालं, नोकरी लागली.

गुहेची राखण सातुर्निना मायकडे होती. दर सोमवारी पूर्वजांच्या कवट्यांच्या तोंडात कोकाचं, म्हणजे गावात सगळे चघळतात त्या झुडपाचं, पान ठेवायचं, हा तिच्या घराण्याचा नेम. निल्दाच्या त्या पहिल्या कवटीला ती आजी म्हणायची. तिने पिशवीतून पान काढलं, त्या कवटीच्या जबड्यावरून बोट फिरवलं आणि थांबली.

"कवटी आजीची. जबडा दुसऱ्या कुणाचा."

निल्दाने शांतपणे सांगितलं की हा जबडा तिने स्वतः जुळवला आहे.

"तू जुळवलास गं पोरी, पण तू नेण्याआधी पान मी ठेवत होते. आजीची शेवटची दाढ अर्धीच आली होती. त्या खाचेत पान अडकवायचे मी. इथे कुठे अडकवू?"

निल्दाने दुसऱ्या कवटीचा जबडा उचलला. मागची अक्कलदाढ हाडातून अर्धी बाहेर आलेली. तिने तो आजीच्या कवटीला लावला. जराही न हलता बसला. म्हणजे आजी जेमतेम अठरा-वीस वर्षांची पोर होती.

गावाचा प्रमुख फेर्मिन पावती घेऊन उभा होता. "कवट्या दोन, जबडे दोन. हिशेब बरोबर आहे, डॉक्टर. ढग आलेत, सही करू?"

तो म्हणत होता ते खरंच होतं. जबडे इथल्या इथे बदलले असते, तर कुणालाही कळलं नसतं. पुस्तक तसंच शिकवलं गेलं असतं.

निल्दाने पावती मागून घेतली. खाली लिहिलं: जबड्यांची माझ्याकडून अदलाबदल झाली, पहिल्या कवटीचं मरतेवेळचं वय अठरा ते वीस, माझा निष्कर्ष चुकीचा.

फेर्मिनने वाचलं. "हे कशाला? आम्ही काही तक्रार केलेली नाही."

"तुमच्यासाठी नाही. सही करा, आणि एक प्रत मला द्या. छापायला पाठवायचीय."

सातुर्निनाने पान दाढेच्या खाचेत बसवलं आणि पिशवी निल्दापुढे सरकवली. निल्दा दगडावर टेकली आणि एक पान घेऊन चघळू लागली.