रेड्याचा शोध

आपल्याला सगळं कळतं असं ज्याला वाटतं, त्या माणसाचा गोंधळ उडाला की तो साधासुधा उडत नाही. दातवाल्याचा उडाला तो एका तुटक्या कवळीपायी, आणि तोही चोपन्नाव्या वर्षी.

दातवाला म्हणजे दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर लोकांच्या तोंडात हात घालून मापं घेतात आणि याच्याकडे पाठवतात. हा आपल्या कामाच्या खोलीत बसून प्लास्टरच्या साच्यावर मेण चढवतो, मेणात एकेक दात बसवतो आणि कुणाचं तोंडही न बघता त्याला हसू मिळवून देतो. हात सोन्यासारखा. बोलणं मात्र कमी, आणि बोललाच तर रेकॉर्डींबद्दल.

कारण कवळ्या पोटासाठी होत्या, जीव होता रेकॉर्डींत. ताईच्या घराच्या वरच्या मजल्यावर तो राहायचा आणि तिथल्या चारही भिंतींना हार्डकोर पंक आणि रॉक बँडांच्या दोन हजारांवर रेकॉर्डी उभ्या लावलेल्या होत्या. मिनिटभरात संपणारी गाणी, घसा फाटेपर्यंत ओरडणारी पोरं, झेरॉक्स मारलेली काळी-पांढरी कव्हरं. कुठली पहिल्या छपाईतली, कुठलीच्या कव्हरवर नाव चुकलं होतं, कुठलीच्या शेवटच्या कोऱ्या पट्टीवर कारागिराने टोच्याने काय खरडून ठेवलंय, हे सगळं त्याला तोंडपाठ. स्वतःच्या लग्नाची तारीख तेवढी आठवायची नाही. बायको सोडून गेली त्याला दुसरीही कारणं होती, पण हे त्यांतलं एक होतंच.

या सगळ्या पसाऱ्यात एक रेकॉर्ड मात्र वेगळी होती. मोठी, बारा इंची, पांढरं कोरं लेबल, पांढरं कोरं कव्हर. छपाई सुरू करण्याआधी कारखाना तपासायला म्हणून दोनचार प्रती काढतो, त्यांतली एक. बँडचं नाव नाही, गाण्याचं नाव नाही. अठराव्या वर्षी मावशीने दिली होती. मावशी म्हणाली होती, "तुला असली थेरं आवडतात ना, घे. मागच्या खोलीतल्या भाडेकरूची असेल. गेला विसरून."

त्या रात्री त्याने ती लावली आणि तो खलास झाला. संथ, जड वाजवणं, जणू कुणी चिखलातून कपाट ओढतंय. आणि वर एका माणसाचा आवाज. असा आवाज त्याने आजवर ऐकला नव्हता. शब्द कळायचे नाहीत, पण हार्डकोरमध्ये शब्द कळायला लागले तर चुकतंय असंच समजायचं. शेवटी, सगळं थांबल्यावर, तो माणूस खोल घशातून काहीतरी घुमवायचा. दातवाला म्हणायचा, याच्यापेक्षा भयंकर शेवट दुनियेत कुठल्याच बँडने केलेला नाही. त्याने त्या गायकाचं नाव ठेवलं रेडा. अशी तपासणीची प्रत बँडवाल्याकडेच असणार, म्हणजे रेडा तो भाडेकरूच, हेही त्याने धरून टाकलं.

रेकॉर्डमध्ये खोट एकच. रेडा गाताना अधूनमधून एक हलकीशी सीऽऽ ऐकू यायची. दातवाल्याला वाटायचं, खाचेत धूळ बसलीये. छत्तीस वर्षं दर रविवारी तो शुद्ध पाणी आणि मऊ ब्रश घेऊन ती धूळ काढत होता. ती निघत नव्हती, आणि नेमकी त्याच त्याच जागी यायची.

हसण्यावारी नेऊ नका. बायको गेली त्या वर्षी हा माणूस खचला होता. ताईने त्याला सामानासकट आपल्याकडे आणलं. सहा महिने तो खोलीबाहेर पडला नाही. ताई दाराशी ताट ठेवायची, तासाने तसंच उचलून न्यायची. आत एकच रेकॉर्ड फिरत असायची. पुढे सावरल्यावर तो ताईला म्हणाला होता, "मी जगलो तो रेड्यामुळे. तो एकदा भेटायला हवा. मला त्याचे आभार मानायचेत." ताई म्हणाली, "मान बाबा. त्याला जेवायलाही बोलाव." आणि ती भांडी घासायला निघून गेली. ताई हे असंच बोलायची. आई गेली तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती आणि हा नऊ. तिने वडिलांचं घर सांभाळलं, याला वाढवलं, हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरी मोजत नोकरी केली. लग्नाचं विचारलं तर म्हणायची, एक पोर वाढवलं तेवढं पुष्कळ झालं.

आणि आता ही तुटकी कवळी. डॉक्टरकडून दुरुस्तीला आली, बरोबर नाव-पत्त्याची चिठ्ठी. आडनाव वाचून दातवाल्याच्या हातातला चिमटा खाली पडला. मावशीच्या मागच्या खोलीतला भाडेकरू! ते आडनाव काही गल्लोगल्ली सापडणारं नव्हतं. म्हणजे रेडा जिवंत होता, याच शहरात होता, आणि रेड्याची कवळी आपल्या टेबलावर होती. त्याने ती अशी घासूनपुसून जोडली की नवीनही इतकी चकाकली नसती. मग शिरस्ता मोडून तो स्वतःच ती घेऊन निघाला. एका हातात कवळीची डबी, दुसऱ्या हातात सुटकेससारखा बंद होणारा रेकॉर्ड प्लेअर, आणि काखेत रेडा.

दार उघडलं ते ऐंशीच्या घरातल्या, काटकुळ्या, बिनदातांच्या म्हाताऱ्याने. त्याने आधी कवळी बसवली, दोनदा कटकट वाजवून बघितली आणि मग बोलला.

"बसली बरं का झकास. पण डॉक्टर कवळी घरपोच कधीपासून द्यायला लागले?"

दातवाला तीस वर्षं पाठ केलेलं भाषण तिथल्या तिथे विसरला. त्याने नुसती रेकॉर्ड लावली. म्हातारा ऐकत राहिला.

"हे काय आहे?"

"तुम्ही," दातवाला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "हे तुम्ही गायलंय."

"मी?" म्हातारा उडालाच. "अहो, मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. जन्मात कधी एवढ्या मोठ्याने बोललो नाही. कुणीतरी तुम्हाला बनवलंय."

"पण तुमची घरमालकीण, म्हणजे माझी मावशी, म्हणाली होती, तुमची आहे."

"मावशी तुमची होती, भाडं माझं होतं. रेकॉर्ड माझी नव्हती."

हा नाही, तर मग रेडा कोण? ज्याला छत्तीस वर्षं मनातलं सगळं सांगितलं तो माणूस हा नव्हे, तर आपण आजवर बोलत होतो कुणाशी? तो प्लेअर बंद करायला वाकला, तर म्हाताऱ्याने हात आडवा धरला.

"थांबा. तुमची मोटर दमलीये का?"

"मोटर अगदी चोख आहे. दर महिन्याला तपासतो."

"मग गाणारा दमलाय. पन्नास वर्षं मी लिफ्टचे आवाज ऐकलेत. एखादी गोष्ट मुळातच हळू चालते तेव्हा वेगळी वाजते, आणि कुणी तिला हळू चालवलं की वेगळी. ऐका, हा बाबा श्वास घेतोय की जांभई देतोय?" आणि म्हाताऱ्याने वेगाच्या खटक्याला बोट लावलं.

"अहो, हात नका लावू! बारा इंची आहे! मोठी रेकॉर्ड मिनिटाला तेहतीस फेऱ्यांवर वाजते, छोटी पंचेचाळीसवर, हे शेंबडं पोरही सांगेल." वास्तविक पंचेचाळीसवर वाजणाऱ्या बारा इंची रेकॉर्डी दातवाल्याकडेच शंभर तरी होत्या, पण त्यांच्या लेबलांवर तसं लिहिलेलं होतं. याच्या लेबलवर काहीच नव्हतं, आणि पहिल्या रात्री प्रेमात पडल्यावर पुन्हा खात्री कोण करतं?

म्हाताऱ्याने खटका ओढला.

चिखलातलं कपाट एकदम जिन्यावरून गडगडत सुटलं. ढोल भरधाव, गिटार पिसाळलेली, आणि त्या सगळ्याच्या वर रेडा नव्हता. एक मुलगी होती. जेमतेम अठरा-एकोणीसची, जीव तोडून ओरडत होती, आणि आता शब्दही कळत होते. "नाही घासणार! नाही घासणार! तुमची भांडी नाही घासणार!" आणि प्रत्येक 'सा'वर, नेमकी त्याच त्याच जागी, ती सीऽऽ. आता ती सीऽऽ नव्हती. ती शिट्टी होती.

दातवाल्याचा हात आपोआप स्वतःच्या वरच्या ओठाकडे गेला. वरचा पुढचा डावा दात पडला की 'स' म्हणताना नेमकी अशी हवा निसटते. ही शिट्टी त्याने लहानपणभर ऐकली होती. साबण, सकाळ, सांडू नकोस, सगळ्यांत. आणि काम शिकत असताना, बाविसाव्या वर्षी, आयुष्यातला पहिला दात त्याने बनवला होता तो ही फट बुजवायला. गुलाबी पट्टीवरचा एकच काढता-घालता दात. ताईचा.

गाणं संपलं. ज्या शेवटाला तो दुनियेतला सर्वांत भयंकर शेवट म्हणायचा, तो आला. ती मुलगी हसत होती. हसता हसता तिला उचकी लागली होती.

"अरे, ही तर माझ्या शेजारच्या खोलीत गाणारी ती!" म्हातारा म्हणाला. "तुमच्या मावशीची भाची. रविवारी चौघं यायची, घर डोक्यावर घ्यायची. त्या माईकनेच तर तिचा दात पाडला. मी तक्रार केली तर तुमच्या मावशीने मला कानात घालायला कापूस आणून दिला."

दातवाला परत कसा आला ते त्याचं त्यालाच ठाऊक नाही. दोन चौक पुढे जाऊन तो मागे वळला, पुन्हा वळला. त्याला राग आला होता, पण कुणाचा ते कळेना. आपला रेडा कुणीतरी चोरला असं वाटत होतं. मग वाटलं, आपणच कुणाला तरी छत्तीस वर्षं गाडून ठेवलं. घर आलं तरी त्याचं काही ठरलं नव्हतं.

ताई स्वयंपाकघराच्या टेबलावर चादरींच्या घड्या घालत होती. लॉन्ड्रीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी चार कोपरे जुळले नाहीत तर तिला घास गिळवत नसे. मोरीत दुपारची भांडी पडलेली होती.

"ताई, तुझा दात कसा पडला होता?"

"बसच्या पायरीवर. किती वेळा सांगू? भेटला का तुझा रेडा?"

त्याने चादरी सरकवून प्लेअर टेबलावर ठेवला आणि रेकॉर्ड लावली. पंचेचाळीसवर.

ताईच्या हातातली चादर अर्धी दुमडलेली राहिली. पूर्ण गाणं होईपर्यंत ती हलली नाही.

"हे तुला कुठे मिळालं?"

"मावशीने दिलं. भाडेकरूचं म्हणून."

"मला म्हणाली होती, फेकून दिलं. बाबांना कळायला नको म्हणून." ताई खाली बसली. "कारखान्यातून हे आलं आणि तिसऱ्या दिवशी आईला हॉस्पिटलात नेलं. मग राहूनच गेलं. ती पोरंही यायची बंद झाली. तू एवढी वर्षं हे ऐकत होतास? मग मला कसं कधी कळलं नाही?"

"मी हळू लावत होतो."

"किती हळू?"

त्याने तेहतीसवर लावून दाखवली. ताईने इतकी वर्षं दाराआडून ऐकलेला तो घोगरा आवाज समोर आला, आणि ताईच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटेना, मग ती फुटली. "हा मी? हा रेडा मी?" ती हसायला लागली ती थांबेचना, डोळ्यांतून पाणी आलं आणि शेवटी उचकी लागली. दातवाल्याने ती उचकी ओळखली.

"ताई, मला त्याचे आभार मानायचे होते."

"मग मान की."

"त्या वर्षी तू दाराशी ताट ठेवायचीस. मी तुझ्याकडे बघायचोही नाही. आत याला ऐकत बसायचो. म्हणायचो, माझं असं एकच माणूस आहे."

पदराने डोळे पुसावेत तसे ताईने चादरीच्या कोपऱ्याने पुसले. घडी मोडली, आणि पहिल्यांदाच तिने ती परत घातली नाही. मग तोंडात बोट घालून तिने गुलाबी पट्टी काढली आणि तो एकुलता एक दात त्याच्या तळहातावर ठेवला.

"गाणं लाव परत. बरोबर लाव," ती म्हणाली. "आणि आज भांडी तू घास."

त्या 'स'वर बारीकशी शिट्टी वाजली. छत्तीस वर्षं तो हीच पुसून काढायला धडपडत होता. तो दात मुठीत धरून मोरीपाशी गेला आणि म्हणाला, "ताई, पुन्हा एकदा सांग."