मधली सात पानं

"वीस पानं! एवढं तर मी परीक्षेतही लिहीत नाही."

"काहीही खरडून टाक गं. शेवटच्या पानावर सही होते, मधलं कोण उघडतंय?"

विद्यापीठाच्या दारासमोर माझं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे. काउंटरला टेकून दोघी कुरकुरत होत्या. मी हसले नाही. सहा महिन्यांपूर्वी हसले असते.

माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही शिकले ते मुलांच्या असाइनमेंट बांधता बांधता वाचून. बहुतेक सगळ्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. एका मुलीची मात्र वेगळी असायची. सारखी खोडून लिहायची, म्हणून वर्गाने तिचं नाव 'खोडरबर' ठेवलं होतं. गेल्या सत्रात गल्लीतल्या बारा एकट्या म्हाताऱ्यांशी बोलून तिने लिहिलं. ते बांधताना माझी गफलत झाली. तिची मधली सात पानं मशीनपाशीच राहिली आणि त्या जागी कुणाची तरी मातीच्या प्रकारांवरची सात पानं गेली.

वही परत आली. शेवटी सरांचा शेरा होता, 'उत्तम. मांडणी सुसूत्र.'

ती वही घेऊन माझ्याकडे आली आणि मधली मातीची पानं उघडून दाखवली. आणि मी काय बोलावं? "सरांना कळलं नाही ना? मग सोड की!" वर हसले. तिची पानं पुढे केली, तर म्हणाली, "राहू दे मावशी. आता कशाला?"

ती पानं तेव्हापासून माझ्या खणात आहेत.

दोघींच्या मागून आज तीच आली. "मावशी, मागच्या वर्षीची कुणाची असाइनमेंट आहे का? नाव बदलून देते." हातात नेहमीची पेन्सिल नाही, काही नाही.

तेवढ्यात तेच शेरेवाले सर झेरॉक्ससाठी प्रश्नपत्रिका घेऊन आले. त्यांच्या कानावर ते पडलंच.

"तू सुद्धा? या पोरांना मेहनतच नको. मावशी, तुम्ही तर रोज बघता."

दोघींनी मोबाइलमध्ये डोकं घातलं. खोडरबर चपलेकडे बघत राहिली. मी खण उघडला.

"सर, चूक माझी. हिच्या वहीत मधे मातीची पानं गेली होती. ही हिची खरी."

सरांनी चष्मा वर केला. पहिलं पान उभ्यानेच वाचलं, मग दुसरं. तिसऱ्या पानावर नवऱ्याचा डबा अजून रोज घासून ठेवणारी एक म्हातारी आहे, तिथे ते थांबले. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी मी मशीन चालू केलं नाही.

सातवं पान संपल्यावर त्यांनी कडा जुळवून ती पानं तिच्या हातात दिली.

"मी वाचलं नव्हतं," ते म्हणाले. "कुणाचंच वाचत नाही."