छातीत अडकलेलं नाव

आपल्याकडे कुणाला ताप आला तर सगळी आळी विचारपूस करते. पाय मोडला तर शेजारीपाजारी डबा पोहोचवतात. पण एखाद्याला बसल्या जागी श्वास पुरेनासा झाला आणि डॉक्टरांनी छातीत काही दोष नाही असं सांगितलं, की त्या माणसाचं काय करायचं ते आपल्याला कळत नाही. मग आपण दोनच गोष्टी म्हणतो. नाटक करतोय, नाहीतर बाहेरचं काहीतरी आहे. बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या रोहिदास कोळ्यांच्या घरात दुसरी गोष्ट म्हटली गेली.

दुपारची जेवणं चालली होती. प्रितमने, म्हणजे रोहिदासच्या थोरल्या मुलाने, तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातातच राहिला. तोंड उघडं, खांदे वर चढलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या. हवा आत ओढायचा, आणखी ओढायचा, तरी ती पुरायची नाही. त्याची बायको भाविका ताटावरून उठून खिडकी उघडायला धावली. त्याची आई मैना मात्र त्याच्याकडे बघत नव्हती. ती दाराकडे बघत होती.

"आला," ती हळूच म्हणाली.

कोण आला, हे कुणी विचारलं नाही. ते नाव त्या घरात घ्यायचं नव्हतं.

नाव होतं सूरज. प्रितमचा धाकटा भाऊ. गेल्या वर्षी खाडीच्या तोंडाशी जाळं बोटीच्या पंख्यात अडकलं. असं झालं की एकाने सुरी घेऊन पाण्यात उतरायचं आणि जाळं कापून पंखा मोकळा करायचा. दोघे भाऊ पाळीपाळीने उतरत. त्या दिवशी सूरज उतरला तो वर आला नाही. पुढे खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत लोकांना त्याचा देह सापडला.

दिवसकार्य उरकलं आणि मैनाने सांगून टाकलं, पाण्यात गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की त्याला हाक वाटते आणि तो परत येतो. तिच्या आजीने तिला असंच सांगितलं होतं. आळीतल्या बायकांनीही माना डोलावल्या. सूरजचा फोटो कपाटामागे भिंतीकडे तोंड करून गेला, त्याचे कपडे बोचक्यात बांधले गेले. रोहिदास मुळातच अबोल. त्याने विरोध केला नाही. आता सांगा, एवढा कडेकोट बंदोबस्त केल्यावर भूत आत शिरलं कुठून?

ते शिरलं ते थेट प्रितमच्या छातीत. पहिल्यांदा धक्क्यावर, इंजिन चालू करताना त्याचा श्वास अडला. आपण मरतोय, याबद्दल त्याच्या मनात शंका उरली नाही. भाविकाने त्याला तसाच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी झाला, एक्सरे झाला, रक्त तपासलं. "सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका," असं सांगून घाईतल्या डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

रिपोर्ट चांगले आले की लोक पेढे वाटतात. या घरात भीती वाढली!

"बघलास?" मैना म्हणाली. "डॉक्टरच्या मशिनीत नाय आला. मी सांगते ता खोटा हाय काय?"

मग मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या, बोटीला लिंबू बांधलं, दंडात काळा दोरा आला. प्रत्येक उपायासरशी प्रितम जास्तच घाबरत गेला. ज्याच्यासाठी घरातली सगळी माणसं एवढी धडपडतात ते खोटं कसं असेल? त्याने बोटीवर जाणं सोडलं. तो ओट्यावर बसून जाळी विणायचा. बोटं चालायची, डोळे खाडीकडे असायचे. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून तो भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायचा.

अशीच जाळी विणता विणता एकदा तो भाविकाला म्हणाला, "भरती लागली का मना हाक ऐकू येते. दादा, ये. मी ओ देत नाय. पन एक दिवस देईन मी."

भाविकाच्या हातातली सुपली खाली पडली. आपला नवरा एक दिवस ओ देऊन पाण्यात चालत जाईल! तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेना. भरतीच्या वेळेला ती काही ना काही निमित्त काढून ओट्यावर येऊन बसू लागली.

बेलापूरच्या बाजारात मैना आणि भाविका मासे विकायला बसत. तिथे डॉक्टर गीतांजली नावाच्या बाई नेहमी यायच्या. त्यांचा वाशीला मनाच्या आजारांचा दवाखाना होता. मासे साफ करता करता, सासू पाणी आणायला उठली तेवढ्यात, भाविकाने त्यांना हळू आवाजात सगळं सांगितलं. बाई मासे घ्यायच्या विसरल्या. "उद्याच घेऊन या," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात नाही, उद्याच. आणि तोवर त्याला एकटं सोडू नका."

"मी येडा हाय काय?" प्रितमने घरात विचारलं. भाविका रडकुंडीला आली तेव्हा तो उठला. मैनानेही पदर खोचला. "मी पन येनार. बघू तर काय सांगते ती!"

डॉक्टरांनी आधी जुने रिपोर्ट नीट पाहिले. "हृदय चांगलं आहे, फुप्फुसं चांगली आहेत. हे तपासून घेतलंत ते बरं केलंत. आता श्वास का अडतो ते सांगते. घाबरलेला माणूस हवा आत घेतो, आणि ती सोडायच्या आधीच पुन्हा आत घेतो. हंडा काठोकाठ भरलाय आणि आपण वरून ओततोय. मग वाटतं, पुरत नाही, पुरत नाही! बरं, मला सांगा, जाळं ओढताना तुम्ही दम कसा धरता?"

प्रितमने पहिल्यांदाच मान वर केली. "धरत नाय, मॅडम. ओढताना सोडतो. होऽऽ करून. धरला तर छातीत कळ येते."

"मग इथेही तेच करायचं. आत घ्यायची घाई नको. हळूहळू बाहेर सोडा, होऽऽ करून. आत यायचा तो आपला आपण येतो. जीव जाणार नाही, ही लाट येते आणि उतरते."

"आनि जो छातीवर येऊन बसतो, त्याचा काय?" मैना मध्येच म्हणाली.

"कोण बसतो, मावशी? नाव काय त्याचं?"

मैनाने पदर तोंडाला लावला. प्रितम खाली बघू लागला.

"नाव घ्यायचा नसतो," ती पदराआडून म्हणाली. "घेतला तर येल."

"तुम्ही नाव घेत नाही, तरी तो रोज येतोच आहे ना?" डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "मग नाव न घेऊन काय मिळवलंत?"

मैना उसळली. "म्हंजे माझा पोर भित्रा, असाच ना? भित्यापाठी ब्रह्मराक्षस!"

"मुळीच नाही! भरल्या समुद्रात जाणारा माणूस भित्रा कसा असेल? पण मावशी, पाठचा भाऊ गेल्यावर याने रडायचं कुठे? घरात फोटो नाही, नाव नाही, आठवण काढली की सगळे गप्प. दुःखाला दार लावलं म्हणून ते जात नाही. ते भीती होऊन घरातच फिरत राहतं. श्वास सोडायला मी शिकवीन, औषध देईन, बोलवीन तेव्हा तुम्ही यायचं. पण याच्या छातीत जे अडकलंय ते यानेच बोलायला हवं. आणि ते तुम्ही ऐकायला हवं."

बसमधून घरी येताना मैना खिडकीला टेकून बसली. तिचा हात छातीवर होता. उकाड्याने होत असेल, असं भाविकाला वाटलं.

संध्याकाळी भरती लागली. भाविका दिवा लावायला आत वळली तेवढाच वेळ. बाहेर आली तर ओटा रिकामा, विणायची सुई जाळ्यात तशीच अडकलेली. ती ओरडत धक्क्याकडे धावली.

प्रितम शेवटच्या पायरीवर उभा होता. पाणी त्याच्या घोट्यांपर्यंत आलं होतं. बोटीवरची माणसं हातातलं काम टाकून बघत होती, पण जवळ जायला कुणी धजत नव्हतं. भाविकाने त्याचा सदरा घट्ट पकडला.

"ऐकू येते काय तुला?" त्याला धड बोलता येत नव्हतं, खांदे कानापर्यंत चढले होते. "बोलवतो… मना बोलवतो तो…"

मागून मैना धापा टाकत आली. वरच्या पायरीवर थबकली. पाण्याकडे बघून तिचे ओठ हलले. मग ती खाली उतरली, पोराचा दंड धरला आणि बाजारात आरोळी देते तशा खणखणीत आवाजात तिने खाडीकडे तोंड करून हाक मारली.

"सूरज! ए सूरज!"

धक्क्यावरच्या म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. वर्षभरात ते नाव कुणी ऐकलं नव्हतं.

"सूरज! आय हाक मारते, ये रं!"

पाणी होतं तिथेच होतं. बोटी हलत होत्या. डोक्यावरून एक विमान गेलं आणि त्याचा आवाज विरला. कुणीही आलं नाही!

मैना पायरीवर मटकन बसली. "नाय येत रं. बघ, प्रितम, नाय येत तो. हाक मारून येत असता तर मी रोज मारली नसती काय?"

प्रितम तिच्याकडे बघत राहिला. मग तोही तिच्या शेजारी, पाण्यातच बसला. "आय," तो कसाबसा म्हणाला, "पाली माझी होती. त्या दिशी उतरायची पाली माझी होती. तो बोलला, दादा, मी जातो. नि मी बोललो, जा."

एवढं बोलून त्याने श्वास सोडला. लांब, थरथरता, होऽऽ करत. त्याच्या मागोमाग रडू आलं, वर्षभराचं.

"पाली कोनाची पन असो," मैनाने त्याचं डोकं मांडीवर ओढलं, "पोर माझाच जानार होता. तुझा काय गुन्हा त्यात?" मग इकडेतिकडे बघून ती हळूच म्हणाली, "मना पन होता रं असा. बाजारात बसले का छाती दाटते. पाटी उचलायच्या निमतानी वाकते नि दम घेते. सांगू कोनाला? मीच नाव बंद केला, मीच कशी रडू?"

भाविका दोघांना धरून होती. घरी आल्यावर तिने आधी डॉक्टरांना फोन लावला. रोहिदास दारातच काठी टेकून उभा होता. सगळ्यांना जिवंत बघून त्याने वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. "सूरजचा फोटो कुठं ठेवलाय? मना दे."

वाचकहो, भूत त्या दिवशी पळालं आणि सगळं आलबेल झालं, असं मी सांगणार नाही. अशा गोष्टी इतक्या सोप्या नसतात. प्रितम बरेच महिने वाशीला जात राहिला, आणि आता त्याच्याबरोबर मैनाही जाते, स्वतःसाठी. नारळी पौर्णिमेला तो पुन्हा बोटीवर चढला. खाडीच्या तोंडाशी आलं की त्याची छाती आजही आवळते. मग तो इंजिन बारीक करतो, भावाचं नाव मोठ्याने घेतो, होऽऽ करून श्वास सोडतो आणि पुढे जातो. कधीमधी भरतीला त्याला अजून हाक ऐकू येते. पण आता तो ते त्याच दिवशी घरात सांगतो, आणि कुणीही दाराकडे बघत नाही.

तुमच्या घरात कुणाचा श्वास असा अडत असेल तर आधी छाती तपासून घ्या. छाती चांगली निघाली तर त्याला नाटकी म्हणू नका, झपाटलेला तर नकोच नको. मनाच्या डॉक्टरकडे न्या, त्यात कमीपणा नाही. आणि त्याच्याजवळ बसून विचारा, बाबा रे, कशाची भीती वाटते? उत्तर ऐकायला कठीण असेल. तरी उठून जाऊ नका.

परवा त्या घरात बोंबलाचं कालवण होतं. वाढता वाढता मैना म्हणाली, "सूरजला डोक्याकडचा तुकडा लागायचा." क्षणभर सगळ्यांचे हात थांबले. मग प्रितम म्हणाला, "नि मना द्यायचा नाय तो कधी!" आणि त्याने तो तुकडा भाकरीवर घेतला आणि खाल्ला.