किल्ली माझ्या पोटात

मित्रांनो, मी एक जुना कापडी हत्ती आहे. हत्ती आहे हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आजवर मला बघून कोणी ते आपणहून ओळखलेलं नाही. माझी सोंड आखूड आहे. इतकी आखूड, की पाहुणे "किती गोड डुक्कर!" म्हणून कौतुक करतात आणि मला ते मुकाट्यानं ऐकून घ्यावं लागतं. माझ्या तोंडाच्या जागी चार टाके आहेत, आणि ते चांगले पक्के आहेत.

माझा जन्म एका सोफ्याच्या पाठीतून झाला. आमचे मालक तेव्हा मालक नव्हते. लोकांचे सोफे, खुर्च्या, गाडीच्या सीटा नव्यानं मढवून द्यायचे. जाड दाभण धरून धरून त्यांच्या हातांना असे घट्टे पडले होते, की उकळत्या चहाचं भांडं ते चिमट्याशिवाय उचलायचे. हे घट्टे लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोटाळा त्यांच्यापायी झालाय.

एकदा एका मखमली सोफ्याचं निळं कापड उरलं. मालकांची लहान मुलगी तापानं फणफणली होती आणि हत्ती पाहिजे म्हणून हटून बसली होती. घरात तिला चिमणी म्हणायचे. मालकांनी कान ऐसपैस कापले, पाय खांबासारखे कापले, पोट तर असं उदार मनानं कापलं, की सोंडेची पाळी आली तेव्हा कापडच संपलं.

"अहो, सोंड कुठंय याची?" मालकीणबाईंनी विचारलं.

"येईल हळूहळू," मालक म्हणाले. "लहान आहे तो अजून."

चिमणीनं काही विचारलं नाही. तिनं मला ओढून घेतलं, माझं पोट आपल्या तापलेल्या गालाखाली घेतलं आणि झोपून गेली. मला वाटलं, हत्तीचं काम एवढंच असतं. बरं वाटलं मला ते काम.

तिचा ताप उतरला आणि माझा सुरू झाला. शेजारणीनं मला पाहिलं, तिच्या मुलासाठी असाच एक मागितला. मग तिच्या जावेनं मागितला. बघता बघता सोफे मागे पडले, आणि पुढच्या खोलीत हत्ती, ससे आणि अस्वलं यांचा कारखाना उभा राहिला. कापायला कटिंग मास्तर आले, शिवायला बायका आल्या. मी झालो नमुना. माझ्यावर टेप लावायची आणि तसाच दुसरा कापायचा. त्यामुळे आमच्याकडचा प्रत्येक हत्ती आखूड सोंडेचा निघाला. सोंड वाढवावी असं कोणाच्याच मनात आलं नाही. नमुना म्हणजे नमुना!

पण दिवसा मी कारखान्याचा असलो तरी रात्री चिमणीचाच होतो. आणि तिथंच माशी शिंकली. एका शहरातला मोठा व्यापारी मला बघायला येणार होता. त्याच सकाळी चिमणीच्या मनात आलं, हत्तीला भूक लागली असेल. तिनं माझ्या पोटाची शिवण उसवली आणि आत बिस्किटं भरली. दुपारपर्यंत मुंग्यांची रांग माझ्या कानातून आत आणि पायातून बाहेर.

मालकांनी कपाळावर हात मारला. माझं पोट रिकामं केलं, मुंग्या झटकल्या, टेबलावरच्या ढिगातला नवा कापूस मुठी मुठीनं आत कोंबला, घाईघाईनं शिवलं. मग मला नेऊन काचेच्या कपाटात उभं केलं.

हे कपाट मालकीणबाईंच्या भावाचं, म्हणजे चिमणीच्या मामाचं. मामांचं घड्याळांचं दुकान होतं. दुकान बुडालं आणि त्यातलं कपाट तेवढं तरंगत आमच्याकडे आलं. जाड काच, भक्कम लाकूड आणि दार नुसतं ढकललं की खट्कन लागणारं कुलूप.

"माझा हत्ती!" चिमणी रडायला लागली.

"दोनच दिवस गं," मालक म्हणाले. "व्यापारी बघून गेला की तुझा तुला."

त्यांनी दार ढकललं. खट्. मग त्यांनी खिसा चाचपला. मग दुसरा. मग टेबलावरचा कापूस उचलून पाहिला, कारण किल्ली त्यांनी तिथंच ठेवली होती.

मित्रांनो, किल्ली तिथं नव्हती. ती माझ्या पोटात होती. डाव्या कुशीला, बेंबीच्या जरा वर, अशी टोचत होती की सांगता सोय नाही. तशी सांगायची सोय मला कधीच नव्हती. हाताला घट्टे नसते तर मूठ भरताना मालकांना ती लागली असती. पण त्यांच्या हाताला कापूस काय नि लोखंड काय, सारखंच.

सुतार बोलावला. तो कपाटाभोवती फिरला आणि म्हणाला, "बिजागऱ्यांचे स्क्रू आतून आहेत. आत जो उभा आहे त्यालाच सांगा काढायला." कुलूपवाला बोलावला. त्यानं भोकात तार घातली, तार आतच मोडली, आणि "आता चोराची काळजी नाही" असं म्हणून तो निघून गेला. राहिली काच. मालकांनी हातोडी उचलली तशा मालकीणबाई मध्ये उभ्या राहिल्या.

"माझ्या भावाची एवढी एकच वस्तू उरलीय. फोडायची तर आधी मला विचारा."

"तुला विचारतो. फोडू?"

"नाही."

विषय संपला. दाराशी मामा उभेच होते. "दाजी, अशी काच आता मिळत नाही," ते म्हणाले. हे वाक्य ते पुढे दर भेटीला म्हणाले.

चिमणीनं काचेला नाक लावलं. तिच्या श्वासानं काच धुरकट झाली, तिनं ती बाहीनं पुसली, परत नाक लावलं. मी आत, ती बाहेर. मध्ये बोटभर जाड काच आणि मामांची इज्जत.

इकडे मालकांच्या डोक्यात शिरलं की किल्ली त्या कापसातून दुसऱ्या कुठल्यातरी खेळण्यात गेली. त्या ढिगातला कापूस भरलेली सगळी खेळणी त्यांनी परत काढली. हातांनी दाबून पाहिली. हातांना काही कळेना. मग त्यांनी एक अस्वल उचलून छातीशी घट्ट आवळलं. "हाताला नाही लागत, पण छातीला टोचेल," ते म्हणाले. एकेक खेळणं आवळलं. किल्ली नाही. मग उरलेल्या कापसात असेल म्हणून दुसऱ्या दिवशीची खेळणी आवळली. तिसऱ्या दिवशीची. सोफ्याच्या दाभणाला धरून बसलेला माणूस तो, हट्ट सोडतोय कसला! शेवटी नियमच झाला. कारखान्यातून बाहेर पडणारं प्रत्येक खेळणं एकदा छातीशी आवळायचं आणि मगच खोक्यात भरायचं.

आता गंमत ऐका. वर्तमानपत्राचा एक माणूस आला. बघतो तर मालक डोळे मिटून एका सशाला कवटाळून उभे. त्यानं लगेच वही काढली. त्यानं छापलं, की इथलं प्रत्येक खेळणं आधी मायेनं कुशीत घेतात आणि मग मुलांकडे पाठवतात. झालं! मागणी अशी वाढली की शेजारचं घर घ्यावं लागलं. दारावर पाटी लागली, "कुशीतून कुशीत". आणि कामाला नवं खातं उघडलं, मिठीखातं.

त्या खात्यानं काय काय पराक्रम केले! एक पैलवान ठेवला होता. त्यानं पहिल्याच दिवशी जिराफाची मान जमिनीला टेकवली. एका मिशीवाल्याच्या मिशीचे केस सशांना लागायचे आणि गिऱ्हाइकं विचारायची, हा बोका आहे का? एकदा मिठीखात्यातल्या मावशी किंचाळल्या, "चावला! चावला मेला!" सगळे धावले. ससा उसवला. आतून कटिंग मास्तरांची कवळी निघाली.

"तरी म्हटलं, दोन दिवस भाकरी का चावत नाही," मास्तर बोळक्या तोंडानं म्हणाले आणि धुऊन तिथंच बसवली.

चष्मे सापडले, शिवणाऱ्या बायकांची बोटातली अंगुस्तानं सापडली, एकदा अर्धी लसूण सापडली. प्रत्येक वेळी मालक धावत यायचे. "सापडली?"

"नाही मालक. लसूण आहे."

"मग चालू द्या."

आणि हे सगळं मी समोरून बघत होतो. हजारो खेळण्यांना मिठी मिळाली. माझी किल्ली शोधायला जगातलं प्रत्येक अस्वल छातीशी धरून झालं. फक्त ज्याच्या पोटात ती होती त्याला कोणी हात लावू शकत नव्हतं. खिडकीतलं ऊन रोज डाव्या बाजूनं यायचं, त्यामुळे माझा डावा अर्धा भाग विटून राखाडी झाला. नवे कटिंग मास्तर आले, त्यांनी काचेतून निरखून पाहिलं आणि अर्धे निळे, अर्धे राखाडी असे हत्ती काढले. गाडीभर! मला हसू आलं, पण हसायला जागा नव्हती. उन्हाळ्यात आत भट्टी व्हायची. एकदा एक कसर आत शिरली आणि माझा कान कुरतडायला लागली. खरं सांगतो, मला तिचा राग आला नाही. कोणीतरी शिवलं तरी.

चिमणी आधी रोज यायची. मग आठवड्यानं. मग तिची उंची वाढली आणि काचेवर नाकाचे डाग पडायचे थांबले. ती शिकायला गेली, आली, मालकांच्या खुर्चीत बसली. तिचे केस पांढरे झाले. कामगार तिला ताई म्हणायला लागले. कपाटासमोरून जाताना ती माझ्याकडे बघायची नाही. एकदा मात्र फडक्यानं काच पुसता पुसता तिचा हात माझ्या सोंडेसमोर थांबला. बराच वेळ. मग ती म्हणाली, "जाऊ दे," आणि गेली. काच बाहेरून लख्ख दिसत होती.

मालक म्हातारे झाले. कपाटासमोर खुर्ची टाकून बसायचे. सगळं विसरले, पण एक विसरले नाहीत. पन्नाशी उलटलेल्या लेकीला म्हणायचे, "चिमणे, किल्ली मिळाली की लगेच देतो हं तुझा हत्ती."

"हो बाबा. घाई नाही."

घाई नाही? मला विचारायचं होतं की!

मग कंपनीचा मोठा समारंभ ठरला. मालकीणबाई तेव्हा नव्हत्या. मामा होते, काठी टेकत आले होते. सगळे कामगार जमले, पाहुणे जमले. मामांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते दोन शब्दांवर थांबणारे नव्हतेच.

"हत्ती सगळे बघतात," ते म्हणाले. "पण कपाट कोणी बघतं का? ही काच बघा! इतक्या वर्षांत ओरखडा नाही. अशी काच आता मिळत नाही!" आणि त्यांनी काठीनं काचेवर ठोकलं. टक्. "बघा!" टक्. "अजून बघा!"

तिसऱ्या वेळी काच खळ्ळकन खाली आली.

मामा काठीकडे बघत राहिले. "मी फार जोरात नाही मारलं," ते बारीक आवाजात म्हणाले.

काचांवरून चपला करकरत ताई पुढे आल्या. त्यांनी मला उचललं, अंगावरचे तुकडे झटकले. आणि मग, मित्रांनो, इतक्या लोकांसमोर, त्या पिकल्या केसांच्या बाईनं मला छातीशी घट्ट धरलं. बाहेरची हवा मला लागली. तिच्या गालाला आता ताप नव्हता, पण गाल तोच होता.

आणि ती एकदम थबकली.

टोचलं होतं तिला. डाव्या कुशीला, बेंबीच्या जरा वर. तिनं बोटांनी चाचपलं. दांडा. दाते. गोल कडी. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मिठीखात्याकडे पाहिलं. तिथं मावशी आणि त्यांच्या सुना समारंभ विसरून, उरलेल्या अस्वलांना एकेक करून कवटाळत होत्या.

"चिमणे," खुर्चीतून मालकांनी हाक मारली. "आण इकडे."

तिनं मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. मालकांनी माझ्या पोटावरून हात फिरवला. नेमका किल्लीवरून, दोनदा. घट्टे अजून होते. त्यांना काही लागलं नाही.

"सापडली का गं?" त्यांनी विचारलं.

ताईंनी माझ्या पोटाची शिवण बोटानं नीट दाबून बसवली. "नाही बाबा. अजून नाही."

"मग थांबू नका," मालक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आवळत राहा. कुठल्यातरी एकात असेल."

मामा आता सावरले होते. "दाजी, मी दुसरं कपाट देतो! याहून जाड काचेचं!"

माझ्या पोटात गोळा आला. किल्लीच्या शेजारी.

"नको मामा," ताई म्हणाल्या. त्यांनी मला परत काखेत घेतलं. "ह्याला मी घरी नेते. दोनच दिवस."

मित्रांनो, ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत. मी ताईंच्या उशीजवळ असतो. झोपेत त्या माझ्या पोटावर गाल ठेवतात, किल्ली टोचते, त्या "हं" करतात, जरा कूस बदलतात आणि मला आणखी जवळ ओढतात. शिवण उसवायला त्यांना कात्रीचं एक टोक पुरलं असतं, पण त्यांनी ती उसवलेली नाही. कारखान्यात अजून प्रत्येक ससा, प्रत्येक अस्वल आणि प्रत्येक आखूड सोंडेचा हत्ती छातीशी धरूनच खोक्यात जातो.

तुमच्याकडेही कपाटात एखादं जुनं खेळणं असेल. खराब होईल म्हणून वर ठेवलेलं, चांगलं राहावं म्हणून कोणाच्या हाती न दिलेलं. त्याला खाली काढा. कान फाटेल, रंग उडेल, बिस्किटं भराल तर मुंग्या येतील. येऊ देत. मुंग्या झटकता येतात. आणि जवळ घेतल्यावर काही टोचलं, तर लगेच दूर ठेवू नका. इतकी वर्षं ते तुमचीच वाट बघत बसलेलं असेल, थोडं तरी टोचणारच.