निम्मा-निम्मा अभ्यासक्रम

भौतिकशास्त्राच्या अभ्यासाची वाटणी ताईनेच केली होती. सांख्यिकीय यामिकी तिची, वहनसिद्धांत, म्हणजे पदार्थातून वीज कशी वाहते ते, बबडीचा. आपापला निम्मा भाग वाचायचा आणि दुसरीला शिकवायचा. बबडी म्हणजे सख्खी मामेबहीण. विद्यापीठाजवळच्या ताईच्या खोलीत ती राहायला आली आणि खिडकीजवळचा पलंग तिचा झाला, मऊ उशीही तिची झाली. ताईने मनावर घेतलं नाही. मामाची लेक, धाकटी, चालायचंच.

ताईने आपला भाग तिच्याकडून असा घोटून घेतला की बबडी दात घासतानाही ऊर्जापातळ्यांच्या बेरजा पुटपुटायची. बबडी मात्र ओट्यावर बसून, पाय हलवत शिकवायची.

"इलेक्ट्रॉन निघाला, आदळला, दिशा विसरला. दोन टकरींमधला सरासरी वेळ काढायचा, सूत्रात टाकायचा. झालं!"

"नुसती घसटून गेलेली टक्करही धरायची?"

"सगळ्या धर गं! तुला ना, कीस काढायची खोडच आहे."

ताई हसली आणि तिने सगळ्या धरल्या.

संशोधनाची जागा एकच होती आणि ती तोंडी परीक्षेवर ठरायची होती. ताईचा नंबर आधी लागला. विभागप्रमुख बाईंनी नेमकं तेच विचारलं, "विद्युतरोध काढताना सगळ्या टकरी सारख्याच मोजणार?"

"हो, मॅडम." ताई ठासून म्हणाली. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

ती बाहेर बाकावर येऊन बसली. दाराची कडी नीट लागत नव्हती. आत तोच प्रश्न आला आणि बबडीचा आवाज, अगदी खणखणीत:

"नाही, मॅडम. किंचित वळवणाऱ्या टकरीने प्रवाह फारसा अडत नाही. मागे फिरवणारी खरी. म्हणून वळणाच्या कोनाप्रमाणे प्रत्येकीला कमीजास्त वजन द्यायचं."

"छान. इथे बरेच जण घसरतात."

बबडी बाहेर आली ती ओढणी सारखी करत. "कसं गेलं गं, ताई?"

"तुला माहीत होतं."

"अगं, आयत्या वेळी सुचलं."

"मी विचारलं होतं तुला. ओट्यापाशी."

बबडीने मान वळवली. मग हळूच म्हणाली, "जागा एकच होती. तू माझ्या ठिकाणी असतीस तर?"

"होतेच की मी तुझ्या ठिकाणी. माझ्या निम्म्यात मी काय गाळलं, सांग बरं."

पलंग, उशी, असल्या नुसत्या घसटून गेलेल्या टकरी ताईने इतके दिवस मोजल्या नव्हत्या, आणि आताही ती मोजणार नव्हती. मागे फिरवणारी ही एकच पुरेशी होती.

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. मामा होता. "काय गं, माझ्या लेकीला नीट शिकवलंस ना?"

"शिकवलं, मामा. तिने मला काय शिकवलं, ते तिलाच विचार." ताईने फोन बबडीच्या हातात ठेवला. "बोल. आणि या वेळी काही गाळू नकोस."