माझं तोंड आंजीकडे फिरवलं तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे हं, रस्त्यावरची! अंगानं तिकोनी, काठ लाल आणि पोटात डावीकडे वाकलेला एक काळा बाण. आता गंज चढलाय, पोरांनी दगड मारमारून पोचे पाडलेत. पण हसू नका. माझी गोष्ट हसण्यासारखी नाही.

वर्ध्यातल्या एका शेडमध्ये अण्णाजी पेंटरांनी मला रंगवलं. बाण काढताना ते जीभ दातात धरायचे. शेजारी गोल पाट्या सुकत होत्या. त्या हुकूम सोडणाऱ्या : इथं भोंगा वाजवू नको, याहून जोरात जाऊ नको. चौकोनी पाट्या माहिती सांगणाऱ्या : दवाखाना इकडे आहे. आणि आम्ही तिकोनी? आम्ही पुढच्या धोक्याची खबर आधीच देणाऱ्या. अण्णाजी म्हणाले, "तुह्यं काम एकच, बाई. समोरून येणाऱ्याले सांगाचं, पुढं डावं वळण हाय, हळू घे बापू." केवढा रुबाब वाटला होता मला!

१९७४ साली देवळीहून आंजीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मला रोवलं. तोंड देवळीकडे. मला ओलांडून थोडं पुढं गेलं की रस्ता एकदम डावीकडे वळतो आणि वळणालाच खोल नाला. तुरी वाढल्या की वळण दिसतच नाही. म्हणून तर मी! ट्रकवाले मला पाहून गिअर बदलायचे. एक बुढा ड्रायव्हर तर मला सलाम ठोकायचा. अशी मजेत वर्षं गेली.

माझ्या बाजूलाच एका गावाचा फाटा फुटतो. त्या गावच्या रामाजींच्या सिंधूचं लग्न ठरलं. वऱ्हाड आंजीहून येणार होतं. आदल्या साली एका लग्नात वऱ्हाडाला फाटाच दिसला नव्हता. ते थेट देवळीला पोचलं, मुहूर्त टळला आणि आसपासच्या गावांनी वर्षभर टिंगल केली. रामाजींनी त्याचा धसकाच घेतला होता.

लग्नाच्या सकाळी ते सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन माझ्यापाशी आले. सोबत त्यांचे भाऊ महादेवराव.

"दादा, सरकारी पाटी हाय ते. काऊन हात लावून राह्यला?"

"अरे, बाण त बाणच असते. आंजीकडे तोंड फिरवलं का बरोब्बर आपल्या फाट्याकडे दाखवते, पाह्य."

"अन् कोणी पाह्यलं त?"

"लगन लागलं का देऊ पुन्हा फिरवून. तू मातीवर पाय दे, जास्त अक्कल नको चालवू."

माझा खांब उकरला, अर्धा गोल फिरवला आणि पुन्हा ठोकला. वर आंब्याचा टहाळा बांधला, हळदकुंकू लावलं. खोटं कशाला सांगू, मला थोडं बरंही वाटलं. दुपारी वऱ्हाडाचा ट्रक माझा बाण पाहून नेमका फाट्यात वळला. नवरदेव तानबा उतरता उतरता म्हणाला, "वा मामाजी! पाटीनं सीधं मांडवात आणलं!" सगळे खो खो हसले.

लग्न लागलं. मांडव सुटला. टहाळा वाळून गळाला. मला फिरवायला मात्र कुणी आलं नाही.

आता देवळीकडून येणाऱ्याला माझी नुसती पाठ दिसायची, कोरा पत्रा. गावची माणसं वळण ओळखत होती, त्यांचं काही अडलं नाही. पण ज्याला वळण ठाऊक नाही, त्याचं काय? मला रोज भीती वाटायची. मागून गाडीचा आवाज आला की वाटायचं, ओरडावं. पण पत्र्याला आवाज कुठला?

तानबाला देवळीत जीप चालवायची नोकरी लागली. नत्थूजी नावाच्या जुन्या ड्रायव्हरनं त्याला शिकवलं, एकेक चिन्ह घोकून घेतलं. दिवाळीला तो सिंधूला घेऊन आंजीला, आपल्या घरी निघाला. या रस्त्यानं तो आधी गेला होता तो ट्रकमध्ये मागं बसून; स्वतः गाडी हाकत पहिल्यांदाच चालला होता. लेक रस्त्यानं जाणार म्हणून रामाजी फाट्यावर येऊन माझ्या खांबाला टेकून उभे राहिले. हातात भाजलेल्या शेंगांचं गाठोडं.

जीप आली. रामाजींनी हात वर केला. तानबानं ऐटीत भोंगा वाजवला, पण थांबला नाही. सिंधूला ते वळण ठाऊक होतं हो! पण ती मागं वळून बापाला हात हलवत होती. जीप हळू होईना, तेव्हा रामाजींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. कोऱ्या पत्र्याकडे. गाठोडं टाकून ते धावले.

"जवाई, हळू घ्या! वळण हाय! सिंधे, सांग त्याईले! वळण!"

जे मी सांगायचं, ते धावता धावता एक बाप ओरडत होता. जीप गेली होती. मग तुरी मोडल्याचा आवाज आला आणि नाल्यातून सिंधूची किंकाळी.

जीव वाचले दोघांचे. तानबाच्या कपाळातून रक्त गळत होतं. फाट्यावर आणून बसवलं तेव्हा तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "मामाजी, वळणाच्या पह्यले तिकोनी पाटी असते, नत्थूजीनं शिकवलं मले. म्या पाह्यलं ना! हे त आपल्या लग्नातली पाटी, फाटा दाखवणारी. मले वाटलं, पुढं रस्ता सीधा हाय. वळण होतं त पाटी काऊन नाई लावली कोणी?"

रामाजी मातीतल्या शेंगा वेचत बसले.

दुसऱ्या दिवशी सब्बल घेऊन ते एकटेच आले. मला फिरवलं, देवळीकडे जाऊन लांबून पाहिलं, परत येऊन खांब आणखी ठोकला. तेव्हापासून कुणाच्याही घरचं लग्न असो, ते आधी फाट्यावर येऊन बसतात. "बाण पाह्यजे त पोत्यावर काढा अन् झाडाले बांधा. हिले हात नाई लावाचा."

मित्रांनो, माझ्यावर चिखल उडाला तर पुसा. माझ्यापुढे फांदी वाढली तर तोडा. मला कुंकू नको, टहाळा नको. फक्त ज्याच्यासाठी मला उभं केलं, त्याच्याकडे माझं तोंड राहू द्या.

सिंधू माहेरी येते तेव्हा फाट्यावर उतरते. नाल्यात मोडलेला तिचा डावा हात कोपरात वाकलेलाच राहिला, थेट माझ्या बाणासारखा. उजव्या हातात पदर धरून ती माझं तोंड पुसते. रामाजी तेवढा वेळ तुरीकडे बघत उभे राहतात.